चांगल्या मालाचा ट्रे

पत्रकावरचं चित्र मीच निवडलं होतं. लोखंडी कवटी, लाल डोळे, बोटांच्या जागी सुऱ्या, आणि त्याच्या पायाखाली डबा घेऊन कामाला निघालेली एक बाई. वर मोठ्या टायपात, ‘एआय आला, तुमचा घास गिळायला’. मी चिंचवडला एका डीटीपी सेंटरमध्ये काम करते. दिवसभर लग्नपत्रिका, भाडेकरार, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या संघटनेची पत्रकं. संघटना चाकण पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारांची. पत्रक कसं लिहायचं ते मी तिथेच शिकले. शत्रू पहिल्या ओळीत यायला हवा, मागणी शेवटच्या ओळीत, आणि मधल्या मजकुराने वाचणाऱ्याचं डोकं तापायला हवं. आजवर ते जमत आलं होतं. पीएफ बुडवणारा ठेकेदार असो, पावसाळ्यात बस बंद करणारा मॅनेजर असो, बोट दाखवायला कोणीतरी उभं असायचं.

हा नवा शत्रू माझ्या आईच्या कंपनीत येणार होता, म्हणून मी जरा जास्तच तापले होते.

आई कुरुळीच्या पुढे एका छोट्या कारखान्यात तपासणीला आहे. अकरा वर्षं झाली, सगळी कंत्राटावर. तिथे गाडीच्या ब्रेकला लागणारा ॲल्युमिनियमचा एक तुकडा ओततात, तळहातात मावेल एवढा. सहा बाया एका लांब टेबलाशी उभ्या राहून ट्यूबलाइटखाली तो उलटसुलट करून बघतात. कुठे चीर गेली, कुठे भोक राहिलं, कुठे कड उडाली. चांगला माल एका ट्रेमध्ये, भंगार दुसऱ्या ट्रेमध्ये. दोन्ही ट्रे करडे, एकसारखे; फक्त वरची चिठ्ठी वेगळी. चीर आईच्या डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागते, असं बरोबरच्या बाया म्हणतात. उन्हाळ्यात सुपरवायझरने त्यांना सांगून टाकलं की दिवाळीनंतर हे काम एआय करेल, तुमचं आपण बघू. ‘आपण बघू’ म्हणजे काय ते सहाही जणींना कळलं होतं. आई पन्नाशीला आली आहे. घरात आम्ही दोघीच. ह्या वयात दुसऱ्या गेटवर उभं राहिलं तर वॉचमनसुद्धा आत सोडत नाही.

मला एआय माहीत होता तो पिक्चरमधला. लहानपणापासून केबलवर हिंदीत डब केलेले इंग्रजी पिक्चर बघत आले. त्यात एक शास्त्रज्ञ असतो, त्याला सगळं कळत असतं आणि त्याचं कोणी ऐकत नाही. एक दिवस यंत्र जागं होतं. त्याचे डोळे लाल होतात. घोगऱ्या आवाजात ते सांगतं की माणसं नालायक निघाली, आता राज्य माझं. मग पळापळ, काचांचा खच, आणि शेवटी नायक कुठली तरी वायर उपटतो. खरं सांगायचं तर मला ते यंत्र आवडायचं. त्याला काहीतरी हवं असायचं. ज्याला काही हवं आहे त्याच्याशी भांडता येतं. संप करता येतो, बोलणी करता येतात, काहीच नाही तर मुर्दाबाद म्हणता येतं.

पत्रक मी शिफ्ट सुटताना गेटवर वाटलं. बाया चित्र बघून हसायला लागल्या. एकीने विचारलं, “ह्याच्या घरी कोण हाय का न्हाई? एवढा कशापायी चिडलाय?” आईने पत्रक घडी करून डब्याच्या पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्यात मिरच्यांचा ठेचा बांधून नेला.

मी हार मानली नाही. प्रबोधन करायचं ठरवलं. गुरुवारी, म्हणजे आमच्याकडच्या सुट्टीच्या दिवशी, कुरुळीत देवळामागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी तसला एक पिक्चर दाखवला. प्रोजेक्टर सेंटरच्या मालकाकडून मागून आणला. संघटनेचे काका, एका मोठ्या कारखान्यातून रिटायर झालेले जुने लढवय्ये, पहिल्या रांगेत बसले आणि दहा मिनिटांत घोरायला लागले. बाया मात्र मन लावून बघत होत्या, फक्त मला हव्या त्या ठिकाणी घाबरत नव्हत्या. यंत्र न थांबता दिवसरात्र राबताना दिसलं तेव्हा मागून आवाज आला की ह्याला संडासला जायला पास लागत नाही, बरं आहे. नायकाने वायर उपटली तेव्हा कोणीतरी हळहळलं, आता बंद पडल्याचा रिपोर्ट कोण भरणार.

मग मी उभी राहून भाषण दिलं. भाषण संपल्यावर आईच्या टेबलावरची एक बाई म्हणाली, “ताई, आमच्याकडं आलंय ते असलं न्हाई बघा. डब्याएवढं हाय. त्याला तोंडच न्हाई.”

म्हणजे ते येऊन बसलं होतं, आणि मी हॉलमध्ये इशारे देत होते. आईने घरी चकार शब्द काढला नव्हता.

घरी जाऊन विचारलं तर तिने सांगितलं की चार दिवस झाले. एक करडा डबा टेबलाच्या वर टांगलाय, त्याला एक भिंग आहे आणि गोल दिवा. खालून ट्रे सरकवला की तो फोटो काढतो. बसवायला एक पोरगा येतो, मारुंजीला खोली घेऊन राहतो, मोटारसायकलवर येतो आणि तिला मावशी म्हणतो. आणि त्या डब्याला चांगलं-वाईट शिकवायला बायांमधून एकीला निवडलंय. ती एक म्हणजे आई. पडद्यावर तुकड्याचा फोटो येतो, चांगला असेल तर हिने हिरवं बटण दाबायचं, वाईट असेल तर लाल.

मी ओरडले. म्हटलं, स्वतःच्या हाताने स्वतःची जागा काढून देते आहेस. ती म्हणाली, “मला खुर्ची दिलीय.” अकरा वर्षं उभी होती ती.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथे झाला.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. लाइन बंद असते. प्रेसवाले प्रेसला, लेथवाले लेथला हळद-कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, मग पेढे. तपासणीच्या बायांना यंत्रच नाही. त्यांचं हत्यार म्हणजे डोळे, आणि डोळ्यांना कुंकू कसं लावणार? म्हणून त्या वर्षानुवर्षं ट्रेची पूजा करतात. चांगल्या मालाच्या ट्रेची. भंगाराच्या ट्रेची पूजा कोण करेल? प्रत्येक बाई आपल्या ट्रेच्या तळाला हळद-कुंकवाची पाच बोटं ओढते. तुकड्यांना तेल असतं, त्या तेलात कुंकू बसून जातं, ते महिनाभर निघत नाही.

वाईट तुकड्यांचे फोटो त्या पोराने नवरात्राच्या आधीच काढून ठेवले होते, कोऱ्या ट्रेमध्ये. चांगल्यांचे राहिले होते. खंडेनवमीला लाइन बंद, बाया मोकळ्या, सगळ्यांचे हात रिकामे, तर त्याने दिवसभर बसून चांगल्या तुकड्यांचे ढीगभर फोटो काढून घेतले. पूजेच्या ट्रेमध्ये ठेवून. आईने मला मोबाइलवर एक फोटो दाखवलासुद्धा होता. सहा जणी, मधे झेंडूची माळ घातलेला तो करडा डबा. मी म्हटलं, शत्रूला हार घालताय. ती म्हणाली, नवीन आलंय, त्याला एकट्याला वगळून कसं चालेल.

मग चाचणी सुरू झाली. चाचणी म्हणजे आधी बाया माल निवडणार, चांगला माल पूजेच्या ट्रेमधून डब्याखाली जाणार, आणि डबा सांगणार, चांगला. रोज चांगला, चांगला, चांगला. साहेब लोक खूश. बायांनी निवडून दिलेल्या मालाला डबा मान हलवत होता आणि शाबासकी डब्याला मिळत होती, यावर मी एक पत्रक लिहायला घेतलं. काकांनी ते थांबवलं. म्हणाले, फार गुंतागुंतीचं आहे, गेटवर कोण वाचणार.

दिवाळीत साफसफाई निघाली. ट्रे सोड्याच्या पाण्याने धुतले. सुट्टीनंतर कारखाना उघडला आणि डबा बिथरला. जे दाखवू ते भंगार. सगळं लाल. मारुंजीचा पोरगा दोन दिवस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला, दिवा बदलला, भिंग पुसलं, काही नाही. बायांची जागा वाचली असं मला वाटलं. मी सेंटरमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने उपाय केला. तो इथलाच, मावळातला, जुन्या घरचा माणूस. त्याचं म्हणणं, “नवीन वस्तू हाय, दिष्ट लागली आसंल. दिवाळीत आमी हिला इसरलोच की.” त्याने नारळ आणला. डब्यापुढे फोडला. डब्याला कुंकू, खांबाला कुंकू, आणि बायांना सांगितलं, तुमच्या ट्रेला पण लावा, अर्धवट नको. आणि डबा चालू लागला. सगळं हिरवं.

ही गोष्ट आईने मला हसत सांगितली. मी पण हसले. त्याच आठवड्यात नोटीस लागली की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तपासणीचं टेबल बंद. तेव्हा हसू थांबलं.

नोटीस लागल्यानंतरच्या बुधवारी आई कामावरून आली ती चप्पल न काढता उंबऱ्यावर बसून राहिली. मी पाणी दिलं. तिने ते हातातच धरलं. मग सांगितलं. शिफ्ट संपायच्या वेळी तिने भंगारातून एक चिरलेला तुकडा उचलून पूजेच्या ट्रेमध्ये ठेवला आणि डब्याखाली सरकवला. हिरवा. उलटा करून ठेवला. हिरवा. चीर अशी होती की नखाला लागावी. मग चांगला तुकडा कोऱ्या ट्रेमध्ये ठेवला. लाल. शेवटी तिने पदराने ट्रेमधलं कुंकू खरडून काढलं आणि त्याच ट्रेमध्ये चांगला तुकडा ठेवला. लाल.

“ते तुकडा बघतच न्हाई गं,” आई म्हणाली. “कुंकू बघायलंय.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी भिंतीला टेकून हसले. लाल डोळ्यांचा राक्षस, माणसाचं राज्य उलथून टाकणारा, आणि त्याची सगळी अक्कल पाच बोटं कुंकवाची. मथळासुद्धा सुचला. मी लगेच काकांना फोन लावला. काका हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की तोंड बंद ठेवा. टेबल बंद होऊ दे, चिरका माल जाऊ दे, माल घेणाऱ्या वरच्या कंपनीतून तक्रार येऊ दे. मग हेच साहेब बायांना हाताला धरून परत आणतील, आणि तेव्हा आपण कायम करायची मागणी टाकू. चळवळीत वेळ बघावी लागते.

मला ते पटलं. मी ते इथे लिहिते आहे कारण लपवण्यात अर्थ नाही. मला ते शंभर टक्के पटलं.

गुरुवारी दुपारी आई मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी तिला समजावून सांगितलं. ती ऐकत होती. पुढची काडी मोडत तिने विचारलं, मधल्या दिवसांत काय? मी म्हटलं, मधल्या दिवसांत काही नाही, आपण थांबायचं. तिने विचारलं, तो माल कुठं जातो माहीत आहे ना? मी म्हटलं, ती कंपनीची जबाबदारी आहे. तू कागदावर हेल्पर आहेस. हेल्परची काय जबाबदारी?

“अकरा वर्षं मी काय टाकायले ते कोणी बघत नव्हतं,” ती म्हणाली. “तवाबी चिरका तुकडा चांगल्यात टाकला न्हाई.”

“आता तू टाकत नाहीयेस, आई. मशीन टाकतंय.”

“मशीनला शिकवलं कोणी?”

मला राग आला. पण कोणाचा? साहेबांचा म्हणावं तर त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं. सुपरवायझरने नारळ फोडला, त्याच्या मनात पाप नव्हतं. बायांनी ट्रेची पूजा केली, ती दरवर्षीच करतात. त्या पोराने हातात वेळ होता म्हणून फोटो काढले. आणि डबा? त्याला तर काहीच नको होतं. आईची जागा नको होती, आमची भाकरी नको होती. त्याला समोर जे दिसलं ते त्याने धरून ठेवलं. एवढ्या सगळ्यांत ब्रेक न लागता कोणीतरी मरू शकतं, आणि पहिल्या ओळीत घालायला माझ्याकडे एक नाव नव्हतं. ते कळून गप्प बसा म्हणणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि काका.

शुक्रवारी आईने त्या पोराला बोलावून सगळं करून दाखवलं. त्याने तिन्ही गोष्टी स्वतः करून बघितल्या आणि उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसला. मग विचारलं, मावशी, हे अजून कोणाला सांगितलंय? आई म्हणाली, माझ्या पोरीला, ती छापणार होती. म्हणून तो मला भेटायला आला, गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर.

मी प्रश्न लिहून नेले होते. समोर बघितलं तर माझ्याच वयाचा, डोळ्यांखाली काळं, बॅगेचा बंद तुटलेला. तोही कंत्राटावर. त्याचं कंत्राट पुढे वाढणार की नाही ते ह्या डब्यावर ठरणार होतं.

मी विचारलं, “हे तुम्ही बनवलंय ना?”

“मी बसवलंय. शिकवलं मावशींनी.”

“मग ते कशावरून ठरवतं, ते तुम्हाला माहीत पाहिजे.”

“नाही माहीत,” तो म्हणाला. “फोटो देतो, उत्तर येतं. मधे काय होतं ते मला नाही दिसत. मला वाटलं ते चीर बघतंय. सगळ्यांनाच वाटलं.”

मी चिडून म्हटलं की पिक्चरमध्ये तरी ज्याने बनवलं त्याला कळत असतं. तो कसनुसा हसला. म्हणाला की तेच पिक्चर बघून मी ह्या लायनीत आलो, ताई. मग त्याने दोन्ही चहांचे पैसे दिले आणि मी ते देऊ दिले, म्हणजे त्या दिवशी मी किती गोंधळले होते ते बघा.

त्याने वर खरं सांगितलं. त्याला खोटं बोलता आलं असतं, ते त्याने केलं नाही, हे मला मान्य करावं लागतं. टेबल बंद करायची नोटीस तीन महिन्यांसाठी मागे घेतली. सगळे फोटो नव्याने काढायचे ठरले, धुतलेल्या ट्रेमध्ये, चांगले-वाईट मिसळून. चांगलं-वाईट सांगायला पुन्हा आईच. आता ती दिवसभर खुर्चीवर असते. तीन महिन्यांनंतर काय, ते नोटिशीत नाही.

काका माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांच्या मते जिंकलेली लढाई आम्ही घालवली. टेबलावरच्या बाकीच्या पाच जणींपैकी चौघी आईबरोबर डबा खातात. एक खात नाही. तिने आईला तोंडावर विचारलं होतं, तुला काय गरज पडली होती? आईने मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, मी पण हेच विचारलं होतं, फक्त मोठे शब्द वापरून.

मी नवीन पत्रक काढलं. लाल डोळे काढून टाकले. त्या जागी काय घालावं ते दोन दिवस सुचलं नाही, शेवटी चौकट रिकामीच ठेवली. मागणी अशी की जी कामगार बाई यंत्राला शिकवते तिला हेल्पर म्हणू नका, तिच्या कामाला नाव द्या आणि तिला कायम करा. निवेदन घेऊन गेले तर ऑफिसातल्या माणसाने फॉर्म दाखवला. त्यात हुद्द्यांची यादी आहे, असा हुद्दा नाही. मग कोणता लिहू, असं त्याने मलाच विचारलं. तो खरंच विचारत होता.

परवा मी आईला आणायला गेले होते, तेव्हा तिने एक गोष्ट सहज सांगितली. कामावर गेल्या गेल्या ती आता आधी सगळे ट्रे पुसते. तळ, कडा, कोपरे. कुठे डाग, पाकळी, उदबत्तीची राख राहिली असेल तर डबा पुन्हा भलतंच काही शिकेल म्हणून. मी विचारलं, हे काम कोणाचं आहे? ती म्हणाली, कोणाचंच न्हाई.

मी गाडी चालवत होते आणि डोक्यात हिशोब जुळत नव्हता. ती जेवढं नीट पुसेल तेवढा डबा नीट शिकेल, आणि तेवढी तिची खुर्ची लवकर जाईल. हे तिला कळत नाही असं नाही. पुसू नकोस, हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. ब्रेक दाबून मी सिग्नलला थांबले. गाडी थांबली. मागे आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी ते वाक्य बोलले नाही.